साहसवित्त: साहस कोणाचं, वित्त कोणाचं?

मागच्या पावसाळ्यात, एका शनिवारी, भाचा मला लोणावळ्याला एका कार्यक्रमाला घेऊन गेला. गुंतवणूकदार आणि उद्योजक यांचा मेळावा. हॉटेल असं की पार्किंगमध्ये उतरल्यावर आपली चप्पल आपल्यालाच जुनी वाटायला लागावी. भाच्याला तिथे बोलायला बोलावलं होतं. विषय होता 'अपयशाने मला काय शिकवलं'. हल्ली अशी पद्धत पडली आहे म्हणे. कंपनी बुडवलेल्या तरुणांना स्टेजवर बसवायचं, पंधरा मिनिटं बोलू द्यायचं आणि टाळ्या वाजवायच्या. आमच्या लहानपणी दिवाळं निघालेला माणूस गावातून मागच्या गल्लीने जायचा. त्या मानाने ही सुधारणाच म्हणायची.

भाचा छान बोलला. कोणाला दोष दिला नाही. (बहिणीवर गेलाय.) त्याच्यानंतर एका फंडाचे भागीदार बोलायला उठले. नाव सांगत नाही, आणि भाच्याच्या कंपनीत पैसे घातलेला फंड तो हा नव्हे, हेही सांगून टाकतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की व्हेंचर कॅपिटल आता बदललंय. २०२१ साली जे झालं ते वेड होतं, ते आता उतरलंय. आता आम्ही नफा विचारतो, कारभार बघतो. आमच्याकडचा पैसाही आता फक्त परदेशी पेन्शन फंडांचा नाही, आपल्याच देशातल्या उद्योगपती घराण्यांचा आहे, सरकारी फंडाचा आहे. आणि मुख्य म्हणजे आता 'एक्झिट' मिळायला लागलाय. आयपीओचा बाजार तयार झालाय. आता आम्ही धीराचं भांडवल आहोत, पेशंट कॅपिटल.

प्रश्नोत्तरात मी हात वर केला. विचारलं, "तुमचा धीर साधारण किती वर्षांचा असतो?"

लोक हसले. तेही हसले. माणूस सज्जन होता, सरळ उत्तर दिलं. म्हणाले, "फंड दहा वर्षांचा असतो. पहिली तीन-चार वर्षं पैसे घालण्यात जातात. म्हणजे सहा-सात वर्षं धरा, काका."

त्या सभागृहाच्या मागे, झाडी ओलांडून थोडं गेलं की वळवणचं धरण आहे. मी ते उत्तर ऐकलं आणि माझं लक्ष पुढच्या भाषणांतून उडालं ते उडालंच. हा लेख त्या उडालेल्या लक्षाचा आहे.

आधी माझी बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा एवढा का चिडलाय. मी तळेगावात राहतो. बँकेत होतो, लघुउद्योगांना कर्ज देण्याच्या खात्यात बरीच वर्षं काढली. भाचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. मावळात गुलाबाची पॉलिहाऊस किती आहेत ते इकडे राहणाऱ्याला सांगायला नको. फेब्रुवारीच्या त्या एका आठवड्यासाठी इथला शेतकरी वर्षभर जीव टांगून बसतो. हवेत दमटपणा वाढला की डाऊनी येतो, आणि आला की दोन रात्रींत बाग हातची जाते. भाच्याने एक छोटं यंत्र केलं. आतला दमटपणा, तापमान मोजायचं, धोका दिसला की शेतकऱ्याच्या मोबाईलवर घंटी, आणि फॉगर, पडदे यांचं नियंत्रण. यात जगावेगळं काही नाही. पण परदेशी यंत्राच्या चौथ्या हिश्श्यात मिळायचं आणि बिघडलं तर भाचा स्वतः मोटरसायकलवरून जायचा.

२०१८ साली मी निवृत्तीच्या पैशातले सहा लाख घातले. बहिणीने पाटल्या गहाण टाकून चार लाख दिले. त्याच्या दोन मित्रांनी मिळून तीन. तेरा लाखांत धंदा सुरू झाला. तीन वर्षांत दीडशेच्या आसपास यंत्रं लागली. नऊ माणसं कामाला, पगार वेळेवर. नफा थोडा, पण होता.

मग आलं २०२१. त्या वर्षी भारतातल्या स्टार्टअपमध्ये ३५ अब्ज डॉलरच्या वर पैसा ओतला गेला. त्यातला एक शिंतोडा भाच्याच्या अंगावर उडाला. साडेतीन कोटी. घरात पेढे वाटले. मीही वाटले, खोटं कशाला बोलू. फंडाचा हिस्सा वीस टक्के, म्हणजे कंपनीची किंमत साडेसतरा कोटी झाली, म्हणजे कागदावर माझे सहा लाख कुठच्या कुठे गेले. बायको म्हणाली, काढून घ्या. मी म्हणालो, तसे काढता येत नाहीत गं.

पुढची गोष्ट तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी घरची म्हणून ऐकलेली असेल. दीडशे यंत्रं म्हणजे काहीच नाही, दहा राज्यांत जा. यंत्र विकण्यात वाढ नसते, 'प्लॅटफॉर्म' करा. शेतकऱ्याला खतं, औषधं, कर्ज, सगळं ॲपवर द्या. नऊची माणसं सेहेचाळीस झाली. पुण्यात बाणेरला ऑफिस. मोटरसायकलवरून दुरुस्तीला जाणं बंद, कॉल सेंटर सुरू. २०२३ साली देशातला हा सगळा पैसाच २०२१ च्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आला. पुढचा हप्ता द्यायला कोणी उभं राहीना, आणि ज्यांनी पळायला सांगितलं होतं तेच विचारायला लागले की एवढा खर्च का केला?

२०२४ मध्ये कंपनी एका मोठ्या कंपनीला पावणेतीन कोटींना विकली. पगार, देणी भागवून दोन कोटी उरले.

आता हिशेब बघा. मी बँकेतला माणूस, मला वाटलं ज्याचा जेवढा हिस्सा तेवढे त्याला मिळतील. मिळाले नाहीत. करारात एक कलम होतं, लिक्विडेशन प्रेफरन्स. म्हणजे असं, की कंपनी विकली गेली तर फंडाचे साडेतीन कोटी आधी परत करायचे आणि त्यातून काही उरलं तर ते बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. दोन कोटींतून साडेतीन कोटी देऊन उरणार काय? सगळे दोन कोटी फंडाला. मला शून्य. बहिणीच्या पाटल्यांना शून्य. भाच्याच्या सहा वर्षांना शून्य. फंडालाही दीड कोटींचा तोटा झाला, हे मान्य. पण त्यांचा तोटा पन्नास कंपन्यांतल्या एकीतला, आणि तो कोणाच्या पाटल्यांचा नव्हता.

यात बेकायदेशीर काहीही नाही. भाच्याने सही केली होती. मीही भागधारक म्हणून केली होती. आयुष्यभर लोकांना 'सही करण्यापूर्वी वाचा हो' म्हणत आलेल्या माणसाने पेढ्याच्या बॉक्सवर कागद ठेवून सही केली! तेव्हा फसवलं गेल्याची माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या शब्दाबद्दल आहे. व्हेंचर कॅपिटलला मराठीत 'साहसवित्त' असा शब्द केलाय. साहस आणि वित्त. माझा प्रश्न एवढाच की यातलं साहस कोणी केलं? तेरा लाख घातले तेव्हा भाच्याकडे टेबलावर पडलेली एक सर्किटची पट्टी होती. साडेतीन कोटी आले तेव्हा चालणारा धंदा होता. जे सगळ्यांत आधी आले, काही नसताना आले, ते पैसे मिळण्याच्या रांगेत शेवटी. जे नंतर आले ते पहिले. आणि साहसी कोण? तर तेच!

त्या दिवशी आम्ही लोणावळ्याहून लोकलने परत आलो. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. पाऊस होता, खिडकीत बसून मला आमच्याच गावाची एक गोष्ट आठवत राहिली. तळेगावकरांना ती ठाऊक असते, पण बाहेरच्यांना नसते म्हणून सांगतो.

गेल्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांच्या डोक्यात एक कल्पना आली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. एक पैसा, म्हणजे तेव्हाच्या रुपयाचा चौसष्टावा भाग. गणित करून पाहिलं तर लाख माणसांनी पैसा दिला तरी जमणार दीड हजार रुपये आणि वर काही. कोणाही शहाण्या माणसाने हसून सोडून द्यावी अशी कल्पना. काळे काही श्रीमंत नव्हते. पण टिळकांनी ती उचलून धरली, स्वदेशीचे दिवस होते, आणि पैसा पैसा करून 'पैसा फंड' उभा राहिला. त्यातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघाला.

काच का? तर बांगड्यांपासून दिव्याच्या चिमण्यांपर्यंत सगळी काच बाहेरून यायची. शिवाय देशात त्याआधी निघालेले अनेक काच कारखाने बंद पडले होते. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर अत्यंत जोखमीचं क्षेत्र, तंत्रज्ञान हातात नाही, आधीचे लोक बुडालेले. आजचा कुठलाही फंड पहिल्याच बैठकीत चहा पाजून वाटेला लावेल. पैसा फंडाने जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांना तळेगावात आणलं. ते उत्तर प्रदेशचे. पुढे ते तिकडे बहजोईला गेले आणि तिथल्या काच धंद्यात त्यांनी मोठं काम केलं. तळेगावच्या भट्टीवर शिकलेले कारागीर देशभरातल्या काच कारखान्यांत पोचले. कारखाना होता तशीच ती एक शाळाही होती.

इथे कोणीतरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की अहो ती तर वर्गणी झाली! पैसा देणाऱ्याला ना शेअर मिळाला ना लाभांश. ही कसली गुंतवणूक? मान्य. तो फंड म्हणजे आजच्या अर्थाने व्हेंचर कॅपिटल नव्हे. पण मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे, ती म्हणजे क्रम. सामान्य माणसाचा पैसा तिथे पहिला होता. भट्टी पेटण्याच्या आधीचा. काही होईल की नाही हे कोणालाच माहीत नसताना घातलेला. आणि त्याच्या पुढे रांगेत कोणी घुसलेलं नव्हतं.

आणि वर्गणी नको असेल तर १९०७ ची टाटांची पोलाद कंपनी घ्या. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, म्हणून इथे शेअर विकायला काढले, तर तीन आठवड्यांत आठेक हजार लोकांनी ते भांडवल उभं केलं. तेव्हा एक किलो पोलादही निघालेलं नव्हतं. तेही लोक पहिलेच होते.

अमेरिकेतही सुरुवात अशीच होती, हे मला नंतर वाचताना कळलं. आजच्या व्हेंचर कॅपिटलचा मूळपुरुष म्हणून जॉर्ज डोरिओ या हार्वर्डच्या प्राध्यापकांचं नाव घेतात. १९४६ साली बोस्टनमध्ये त्यांनी आणि काही मंडळींनी 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' ही कंपनी काढली. गंमत अशी की तिचे शेअर बाजारात कोणालाही घेता येत. या कंपनीने १९५७ साली दोन इंजिनियरांच्या 'डिजिटल इक्विपमेंट' कंपनीत ७०,००० डॉलर घातले. ती कंपनी लोकांपुढे शेअर घेऊन आली १९६६ साली. नऊ वर्षं! त्या नऊ वर्षांत डोरिओंच्या कंपनीचा शेअर घेतलेला कोणी शाळामास्तरही त्या साहसात होता. नंतर हा प्रकार मागे पडला आणि दहा वर्षं मुदतीच्या बंद भागीदारीची पद्धत रूढ झाली. मोजक्या मोठ्यांनी पैसे द्यायचे, व्यवस्थापकांनी दरवर्षी साधारण दोन टक्के फी घ्यायची, नफ्यातले वीस टक्के वर. शाळामास्तर दाराबाहेर.

आपल्याकडे १९८८ साली आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून टीडीआयसीआय काढली. म्हणजे जिच्या मागे मध्यमवर्गाचा विश्वास होता ती युनिट ट्रस्ट या धंद्याच्या पाळण्याशी होती. मग १९९६ मध्ये सेबीचे नियम आले, २०१२ मध्ये ते बदलून नवे आले. या नव्या नियमांनुसार अशा फंडात पैसे घालायचे तर कमीत कमी एक कोटी रुपये पाहिजेत. एक कोटी! म्हणजे तुम्ही-आम्ही नाही.

आता यालाही कारण आहे, आणि मी स्वतः बँकेत बसून ते कारण पाहिलंय. नव्वदच्या दशकात सागाच्या झाडांच्या योजना निघाल्या होत्या. आज थोडे पैसे द्या, वीस वर्षांनी लाखो घ्या. पुण्या-मुंबईच्या किती मास्तरांनी, कारकुनांनी त्यात पैसे घातले! काउंटरवर येऊन लोक ड्राफ्ट काढायचे आणि मी सांगितलं तर ऐकायचे नाहीत. साग काही दिसला नाही. तेव्हा सामान्य माणसाला जोखमीपासून दूर ठेवा, असं सरकारला वाटलं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही.

पण मग पूर्ण दूर ठेवा ना! इथेच माझं भांडण आहे. ज्या माणसाला सुरुवातीला 'तुला यातलं कळत नाही, तू बाहेर थांब' असं सांगितलं, त्यालाच दहा वर्षांनी आयपीओच्या वेळी आग्रहाने आत बोलावतात. तेव्हा मात्र एक कोटी लागत नाहीत. तेव्हा चौदा-पंधरा हजारांत एक लॉट मिळतो. फोनवर दोन बटणं दाबली की झालं. तेव्हा त्याला अचानक सगळं कळायला लागतं!

पेटीएमचं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. नोव्हेंबर २०२१. १८,३०० कोटींचा इश्यू, तोपर्यंतचा देशातला सगळ्यांत मोठा. त्यातले ८,३०० कोटी कंपनीत येणार होते. उरलेले १०,००० कोटी कुठे गेले? जुन्या भागधारकांच्या खिशात. त्यांनी आपले शेअर लोकांना विकले. २,१५० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी पंचवीस टक्क्यांहून अधिक पडला. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या गटात तिघांनी अर्ज केला होता, तिघांनाही शेअर लागले होते. (एरवी यांना एकही आयपीओ लागत नाही.)

बाजू दोन्ही सांगायला हव्यात. झोमॅटोचा शेअर जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना दिला, वर्षभरात तो चाळिशीत आला होता, तेव्हा मीच लोकांना 'बघा' म्हणून दाखवायचो. पुढे तो २५० च्याही वर गेला आणि धीर धरलेल्यांनी चांगले पैसे केले. मी तोंडावर पडलो. तेव्हा आयपीओ म्हणजे फसवणूकच असं म्हणणं मूर्खपणाचं आहे. आणि विकणाऱ्यांना तो शेअर कितीला पडला होता हे प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलेलं असतं, लपवलेलं नसतं. फक्त ते शेकडो पानांत कुठेतरी असतं, आणि टीव्हीवर त्याची जाहिरात नसते.

माझा मुद्दा कुठला शेअर वर गेला, कुठला खाली आला हा नाही. लोणावळ्याच्या त्या भागीदारांनी 'उद्योग बदलला' याचा पुरावा म्हणून जी गोष्ट अभिमानाने सांगितली, तीच मला खटकते. 'आता एक्झिट मिळतो.' एक्झिट म्हणजे दार. त्या दारातून ते बाहेर पडतात तेव्हा आत कोण शिरतं? आपण. आणि अर्ज न करणारेही शिरतात बरं का. २०२५ मध्ये देशात म्युच्युअल फंडांच्या एसआयपीमध्ये महिन्याला २५,००० कोटींच्या वर पैसा येत होता. पाच हजार माझे, दोन हजार तुमच्या मुलाचे. तो पैसा कुठेतरी लावावा लागतोच, आणि त्यातला काही या दारात उभा असतो. म्हणजे तळेगावच्या पैसा फंडासारखाच हा पैसा पैसा करून जमलेला फंड आहे. आकार कितीतरी प्रचंड. फरक एवढाच की तो भट्टी पेटवायला वापरला जात नाही. भट्टी पेटवणाऱ्यांच्या हिश्श्याची किंमत चुकवायला वापरला जातो.

शंभर वर्षांपूर्वी सामान्यांचा पैसा रांगेत पहिला होता. आता तो शेवटचा आहे. आणि भाच्याच्या कंपनीसारख्या ठिकाणी जिथे तो अजूनही पहिला असतो, मामाचा, आईच्या पाटल्यांचा, तिथे परतफेडीच्या वेळी त्याला उचलून मागे बसवतात. दोन्हीकडून मार आपल्यालाच.

वळवणचं धरण म्हणून मघाशी थांबलो होतो. ते राहून गेलं. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० ची. १९११ मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली, १९१५ मध्ये खोपोलीला वीज निघाली. इंद्रायणीचं पूर्वेला जाणारं पाणी अडवून घाटाखाली पश्चिमेला सोडायचं, त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. एवढं धाडस आपल्या लोकांच्या भांडवलावर झालं, आणि ते धरण शंभर वर्षांनंतरही उभं आहे. धीराचं भांडवल म्हणायचं तर याला म्हणावं, सहा-सात वर्षांच्या मुदतीला नव्हे. मी हे कौतुकाने म्हणतोय.

पण त्याच कौतुकाची दुसरी बाजू डोंगरापलीकडे आहे. याच योजनांचा पुढचा टप्पा मुळशीला गेला तेव्हा १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले. धरण झालंच. आता विचार करा, त्या धरणात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त कोणी घातलं? ज्याची भातखाचरं गेली त्याने. त्याचं नाव भागधारकांच्या यादीत कुठे होतं? पवनेच्या धरणातही तेच झालं, ते तर सरकारी होतं, आणि त्यातल्या कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्पिढ्या रेंगाळला. आधी देणाऱ्याला शेवटी बसवायची ही सवय व्हेंचर कॅपिटलवाल्यांनी शोधून काढलेली नाही. मावळाला ती जुनी ओळखीची आहे. त्यांनी फक्त तिला कराराच्या कलमाचा नंबर दिला.

मग तुमचं म्हणणं काय, सगळे फंड बंद करायचे? अजिबात नाही. बँकेत होतो तेव्हा किती तरुणांना मी परत पाठवलंय, 'तारण काय?' एवढं एक विचारून. बँकेने भाच्याच्या सर्किटच्या पट्टीला एक रुपया दिला नसता, आणि मी बँकेत असतो तर मीही दिला नसता. जोखीम घेणारा पैसा पाहिजेच. स्टार्टअपसाठी २०१६ मध्ये सरकारने सिडबीमार्फत १०,००० कोटींचा फंडांचा फंड केला, २०१२ पासून डोक्यावर बसलेला तो एंजल टॅक्स २०२४ मध्ये काढला, हे सगळं चांगलंच झालं. परदेशी पैशाबरोबर देशी घराण्यांचा पैसा येतोय, तेही चांगलं. पण पैशाचा पासपोर्ट बदलला म्हणून त्याचा स्वभाव बदलला असं मी मानत नाही. कलम तेच आहे.

फंडवाले म्हणतात, आम्ही वाढीव किंमत लावून पैसे घालतो, त्यामुळे आम्हाला संरक्षण पाहिजे. यात तथ्य आहे. तेरा लाखवाल्यांनी स्वस्तात शेअर घेतले, साडेतीन कोटीवाल्यांनी महाग. उद्या भाच्याने पैसे आल्या आल्या कंपनी विकून टाकली असती तर फंड बुडाला असता आणि आमची चैन झाली असती. ठीक. मग संरक्षण घ्या, पण दुसऱ्याच्या मुद्दलावर नको. आमचं लिहिलेलं साडेसतरा कोटी मूल्य राहू द्या बाजूला, आम्ही घातलेले तेरा लाख आणि तुम्ही घातलेले साडेतीन कोटी, या दोन मुद्दलांना एकाच रांगेत उभं करा आणि प्रमाणात वाटा. दोन कोटींत माझ्या वाट्याला तीन लाख तीस हजार आले असते. बहिणीला दोन लाख वीस हजार. फंडाचा एक कोटी त्र्याण्णव लाख. म्हणजे सात लाख कमी! या सात लाखांनी त्या फंडाच्या दहा वर्षांच्या हिशेबात एक दशांश चिन्ह हललं असतं का? पाटल्यांच्या हिशेबात हललं असतं.

आणि दुसरं, ते दार. सेबीने जून २०१४ मध्ये लोकांकडून थोडं थोडं भांडवल गोळा करण्यावर एक चर्चापत्र काढलं होतं. क्राउडफंडिंग म्हणतात ते. पुढे त्याचे नियम झालेच नाहीत. अमेरिकेने २०१२ मध्ये कायदा करून २०१६ पासून ही वाट उघडली, मर्यादा घालून. माणशी इतकेच, वर्षाला इतकेच. आपल्याकडेही तसं का होऊ नये? कामशेतच्या पॉलिहाऊसवाल्याला भाच्याच्या यंत्रात पाच हजार घालायचे असतील तर त्याला वाट हवी. डाऊनी म्हणजे काय ते त्याला मुंबईच्या विश्लेषकापेक्षा बरं कळतं. यंत्र चालतं की नाही हे त्याने पहाटे चारला उठून पाहिलेलं आहे. त्याला 'तुला जोखीम कळत नाही' म्हणणं हा विनोद आहे. एक्सप्रेस-वे झाल्यापासून, एमआयडीसी आल्यापासून मावळात जमिनीचा पैसा आला. तो गेला कुठे? प्लॉटिंगमध्ये, बंगल्यांमध्ये, गाड्यांमध्ये. लोक नावं ठेवतात. पण त्याला दुसरं कुठलं दार उघडं होतं, ते कोणी सांगत नाही.

वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी तांदूळ दिला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८ चं उत्पन्न. सरकारी पैसा होता, आयपीओ नव्हता, एक्झिट नव्हता. आज मावळातल्या घराघरात तो शिजतो. असो, हे जरा विषयाच्या बाहेर जातंय.

भाचा आता चाकणला नोकरी करतो. पगार बरा आहे. रविवारी जुन्या गिऱ्हाइकांची यंत्रं दुरुस्त करून देतो, पैसे घ्यायला लाजतो. यंत्राचं नाव, हक्क सगळं आता त्या मोठ्या कंपनीचं, आणि त्यांनी ते बनवणं बंद केलंय. पवनानगरच्या एका शेतकऱ्याने परवा विचारलं, अजून चार मिळतील का? नाही म्हणाला.

काल रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, आपल्या त्या फंडाने पैसे घातलेल्या दुसऱ्या एका कंपनीचा आयपीओ येतोय. ऑफिसमध्ये सगळे अर्ज करतायत. करू का?"

मी म्हटलं, प्रॉस्पेक्टस पाठव. पाचशे बारा पानांचं आहे. आज सकाळपासून वाचतोय, एकशे चाळीसाव्या पानावर आहे.